दोनदा ऐकलेला भाव

आत्या माझ्या गाडीत बसायची, पण गाडी हलू द्यायची नाही. आमच्या तेर गावचा आठवडी बाजार झाला, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेवणीतलं इरकल नेसून, केस चापूनचोपून बसवून ती अंगणात तयार असायची. गाडीच्या दारापाशी चपला काढायची, भिंतीकडेला जोडीनं नीट लावायची आणि देवळात पाय टाकावा तशी अनवाणी पुढच्या सीटवर बसायची. ती बसली की गाडी टुंगटुंग करायला लागे, म्हणून पट्टाही लावून घ्यायची. मी दर वेळी विचारायचो, "कुठं सोडू, आत्या?" ती दर वेळी म्हणायची, "गप बस. रेडिव लाव." शेजारच्या बायका येता-जाता तोंडाला पदर लावून हसायच्या. गाडी जागच्या जागी घुरघुरत उभी, आत एक सजलेली म्हातारी, तिच्या मांडीवर जुनापुराणा ट्रान्झिस्टर आणि शेजारी मी. सव्वासहाला बाजारभाव लागायचे, साडेसहाला ती उतरायची. पट्टा सोडताना म्हणायची, "आलो बाबा सुखरूप."

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. लिहायला बसलोय म्हणजे मला फार भरून आलंय, असं समजू नका. मला काही वाटतच नाही, हीच माझी तक्रार आहे. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की ओठ आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही, तसं चाललंय. बायको म्हणते, होईल हळूहळू. काय होईल ते ती सांगत नाही. म्हणून निदान जे आठवतं ते जसंच्या तसं सांगून टाकतो.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. दिली गावातल्या गावातच, त्यामुळं तिचं घर आणि आमचं घर यांत दोन गल्ल्यांचं अंतर. थोडी जमीन होती, ती बटईनं दिलेली. तिच्या स्वतःच्या हातात होती ती दारची दोन शेवग्याची झाडं. दर बाजारी शेंगांच्या जुड्या बांधून ती ठरल्या जागी, लिंबाच्या सावलीला पोतं टाकून बसायची. शेंगा नसतील तेव्हा पाला न्यायची. शेवगा विकणारी ती एकटीच, त्यामुळं शेवग्याचा बाजारभाव म्हणजे आत्याच्या तोंडातून निघेल तो. गुडघे बरे असले की भाव चढा. गुडघ्यांनी त्रास दिला, की अकरा वाजायच्या आत भाव उतरवून, जुड्या संपवून घरी. घासाघीस करणाऱ्याला सांगायची, "घ्यायचा तर घ्या, न्हायतर हात लावू लावू मऊ करू नगा."

आणखी एक खोड होती. कुठलीही गोष्ट ती दोघांकडून ऐकल्याशिवाय खरी मानायची नाही. धाराशिवची गाडी कधी सुटणार हे कंडक्टरला विचारायची, मग पुढं जाऊन ड्रायव्हरलाही विचारायची. दोघांचं जमलं तरच आत चढायची. "येकानं सांगितलं तर सांगणं, दोघांनी सांगितलं तर खरं," हे तिचं ब्रीद. माझं लग्न ठरलं तेव्हा मी स्वतः जाऊन पेढे दिले, तर पेढा हातात धरून म्हणाली, "आता तुझ्या आईला इचारते, मग खाते."

मी आयुष्यभर काही ना काही विकत आलो. आता स्वतःची गाडी भाड्यानं चालवतो, पण उमेदीच्या वयात धाराशिवच्या एका दुकानात रेडिओ-टीव्ही विकायचो. तेव्हा त्या गावाला उस्मानाबाद म्हणत. मोबाईल फक्त बोलण्यापुरते होते, अशा त्या काळात आमच्या दुकानात उपग्रहाचा रेडिओ आला. वर्गणी भरून ऐकायचा. सोबत पाटासारखा चपटा अँटेना, तो आग्नेयेकडं, उघड्या आभाळाला तोंड करून ठेवायचा. गिऱ्हाइकापुढं मी पाठ केलेलं घडाघडा म्हणायचो: मध्ये मनोरा नाही, डोंगर नाही, खरखर नाही, येडशीच्या घाटात जो आवाज, तोच भर समुद्रात. असा एक सेट मी मोठ्या हौसेनं आत्याला नेऊन दिला.

अंगणात अँटेना लावला तर आवाज येईना. त्याला आभाळ मोकळं लागतं आणि मध्ये शेवगा. मी सहज म्हणालो, "ही एक फांदी तोडली की काम झालं."

"आभाळातल्या रेडिवसाठी दारचा शेवगा तोडू व्हय रं?" आत्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी मुकाट्यानं लांब वायर आणून अँटेना माळवदावर चढवला. मग मात्र असा आवाज आला, की गल्ली गोळा झाली. एका ठिकाणी भजन, एका ठिकाणी गझल, पुढं कुठल्या कुठल्या देशांच्या भाषा, सगळं काचेसारखं स्वच्छ. व्याह्यांकडं गेल्यावर ऐकून घेतात तसं आत्यानं हात मांडीवर ठेवून तासभर ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "लई ग्वाड हाय. ह्याच्यात आपल्या जिल्ह्याचे बाजारभाव कधी लागतेत?"

मी समजावलं, की हे वरून येतं, अर्ध्या जगाला एकच असतं, त्यात आपले बाजारभाव कोण सांगणार?

"म्हंजे वरच्याला तेर ठावंच न्हाय," आत्या म्हणाली, आणि उठून तिनं त्या सेटवर भरतकामाचं फडकं घातलं. सव्वासहा होत आले होते. तिनं कोनाड्यातला जुना ट्रान्झिस्टर काढला, दोन थापा मारल्या आणि खरखर सुरू केली.

मला राग आला. रान बटईनं दिलेली ही बाई, तुरीचा आणि सोयाबीनचा भाव ऐकून करणार काय? तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. आत्याचे यजमान, आमचे मामा, खाटेवरून उठले, बादली उचलली आणि गुरांना पाणी दाखवायला मागं गेले. गुरांचं पाणी तर पाचलाच झालं होतं. मग खरखरीतून आवाज आला, "तूर, लाल, किमान दर..." आणि मी आत्याकडं पाहिलं. तो आवाज सुरेखाचा होता.

सुरेखा आत्याची एकुलती एक मुलगी. शाळेत धडा वाचायला उभी राहिली की शेजारचा वर्ग गप्प व्हायचा, असा आवाज. तिनं शिकायला गेल्यावर स्वतःच्या पसंतीनं, जातीबाहेर लग्न केलं. मामा मनानं वाईट नव्हते, पण शब्दाला ताठ. त्यांनी देवीपुढं आत्याला भंडारा उचलायला लावला. हळदीची ती चिमूट तळहातावर घेऊन आत्यानं शपथ घेतली: तिच्याशी बोलणार न्हाय, तिला निरोप धाडणार न्हाय, तिचं नाव घेणार न्हाय. आमच्याकडं भंडारा उचलून दिलेली जबान माणूस मेलं तरी सुटत नाही. पुढं सुरेखाला दूरच्या शहरातल्या रेडिओ केंद्रावर हंगामी निवेदिकेचं काम मिळालं आणि तिच्या वाट्याला बाजारभाव आले.

"आत्या, ही तर..." मी म्हणालो.

"तुरीचं ऐक," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळानं, मामा मागं आहेत याची खात्री करून, हळूच म्हणाली, "ऐकायचं न्हाय, असं काय म्या भंडारा उचलताना म्हणले न्हवते."

काही वर्षांनी ती उपग्रहाची कंपनी गाशा गुंडाळून गेली आणि जिल्ह्यातले सगळे सेट एका दिवसात मुके झाले. मी सेट विकलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन आत्याकडं तोंड पाडून बसलो. तिनं मात्र सांत्वनाला आल्यासारखी चौकशी केली. "येकदम गेला? घसा बसला न्हाय, खोकला न्हाय, काय न्हाय? ह्यो माझा बघ. बारा वर्सं झाली खोकतोय, पर बोलतोय." मुका सेट फडक्याखाली तसाच राहिला. अँटेना तिनं माठावर झाकण म्हणून ठेवला, आणि झाकण म्हणून तो खरोखर उत्तम होता.

मामा गेले तेव्हा तेराव्याला सुरेखा आली. आत्यानं तिला दारात पाहिलं, पदर तोंडावरून खाली ओढला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. सुरेखा उंबऱ्याबाहेर पाऊण तास उभी होती. आई बोलली नाही, लेक आत आली नाही. मी दोघींच्या मध्ये पाण्याचा तांब्या घेऊन उभा. शेवटी सुरेखानंच तांब्या माझ्या हातातून घेतला, पाणी प्याली आणि मोटारस्टँडकडं चालू लागली. तिला सोडायला गेलो तर म्हणाली, "दादा, तिची शपथ मी मोडायला लावणार नाही. पण ती बरी आहे का नाही, एवढं मला कळायला पाहिजे."

त्यावर मार्ग तिनंच काढला. केंद्रावर साहेबांना सांगून बाजारभावांच्या शेवटी तिनं गावच्या आठवडी बाजारांचे भाव सुरू केले. जिल्ह्यात इतकी गावं पडली असताना पहिल्या यादीत तेर आणि मालांत शेवगा कसा आला, हे साहेबांनी विचारलं नाही. भाव कळवायचं काम माझं. बाजाराच्या दिवशी दुपारी तिचा फोन यायचा. आई कशी आहे, असं तिनं कधी विचारलं नाही. "दादा, शेवगा काय भाव?" एवढंच. मी "सत्तर" म्हणालो की हसायची; म्हणजे आई ठणठणीत आहे, गिऱ्हाइकाशी भांडतेय. "चाळीस" म्हणालो की म्हणायची, "गुडघे धरलेत वाटतं." पहिल्याच फोनला तिनं मला बजावलं होतं, "स्वतः बाजारात जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मग सांगायचं. आणि ज्या दिवशी ती बाजारात बसलेली नसेल, त्या दिवशी मी निघून येणार. शपथ असो नाहीतर नसो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो भाव खरखरीतून परत यायचा. "तेर आठवडी बाजार. शेवगा, साठ रुपये किलो." आत्या स्वतः ठरवलेला भाव लेकीच्या तोंडून ऐकायची आणि पदरानं ट्रान्झिस्टर पुसायची. सुरेखाचं नाव तिनं कधी घेतलं नाही. फार तर म्हणायची, "आज बाजारभावाला सर्दी झालीया."

पुढं मी ही गाडी घेतली. जुनीच, पण तिच्यात डिजिटल रेडिओ होता. दरम्यान गल्लीत घरोघरी इन्व्हर्टर, चार्जर, चकचकीत दिवे आले आणि त्यांच्या गुणगुणीत आत्याच्या ट्रान्झिस्टरचं बोलणं बुडून जायला लागलं. एका संध्याकाळी मी गाडी तिच्या अंगणात घातली, तिला आत बसवलं आणि तेच केंद्र डिजिटलवर लावलं. सुरेखा मागच्या सीटवर येऊन बसावी, इतकी जवळून बोलली. आत्यानं खरंच एकदा मागं वळून बघितलं.

मग माझ्यातला जुना विक्रेता जागा झाला. मी तिला फरक समजावला. तो पहिला वरून यायचा, हा मनोऱ्यावरूनच येतो, तुझ्या ट्रान्झिस्टरसारखा. त्याला आभाळ लागायचं, शेवग्याची फांदीसुद्धा चालायची नाही. याला मनोरा आवाक्यात असला की झालं. त्याची वर्गणी होती, याला काही नाही. मात्र हाही मोठा मानी. आला तर स्वच्छ येईल, नाहीतर मुळीच येणार नाही; अर्धवट, खोकत खोकत बोलणं याला जमत नाही. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ह्याला तेर ठावं हाय?"

"हाय की."

"मग झालं."

पण एकावर विश्वास ठेवील ती आत्या कसली? पुढच्या आठवड्यापासून ती ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन गाडीत बसायला लागली. दोन्ही एकाच वेळी लावायचे. तेव्हा एक गंमत कळली. डिजिटलचं बोलणं तीन-चार सेकंद मागून येतं. आधी मांडीवरच्या सेटमधून, खरखरीत बुडालेलं, "शेवगा, साठ रुपये", आणि मग गाडीतून तेच, धुऊन काढल्यासारखं. मी सांगितलं, की डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे होतात, गाडीतला सेट ते आधी गोळा करतो, नीट लावतो आणि मग बोलतो. "म्हंजे निवडून मग वाढतो," आत्या म्हणाली. तिला ती उशिराची गोष्ट फार आवडली. लेक प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची. एकदा ऐकून आत्या मान हलवायची, आणि दुसऱ्यांदा नुसती डोळे मिटून बसायची.

अशी दोन वर्षं गेली. मग तो बाजार आला.

त्या दिवशी मला तुळजापूरचं भाडं लागलं होतं. सुरेखाचा फोन आला तेव्हा मी तिथं वाहनतळावर चहा पीत होतो. "दादा, शेवगा काय भाव?" बाजारात गेलो नाही, असं सांगायला हवं होतं. घरी फोन करून कुणाला तरी बघायला पाठवता आलं असतं. पण गेल्या बाजारी साठ होता, त्याच्या आधी साठ होता, शेवग्याचा भाव एका आठवड्यात जातोय कुठं, असं म्हणून मी सांगितलं, "साठ." ती म्हणाली, "बरं झालं." मी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी अंगणात घातली. आत्या इरकल नेसून तयार होती, पण वर घोंगडं पांघरलेलं. हात धरून बसवताना चटका बसला, इतका ताप. चपला मात्र तिनं काढल्या आणि मला भिंतीकडेला ठेवायला लावल्या. पट्टा मी लावून दिला. शेवग्याखाली ओलं पोतं टाकून काहीतरी झाकलेलं दिसत होतं, तिकडं मी फारसं लक्ष दिलं नाही. "आज राहू दे, दवाखान्यात जाऊ," असं म्हणालो. "भाव होऊ दे," ती म्हणाली.

तूर झाली, सोयाबीन झालं, हरभरा झाला. मग मांडीवरच्या सेटमधून, खरखरीतून आलं: "तेर आठवडी बाजार. शेवगा, साठ रुपये किलो."

आत्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिलो. ते तीन-चार सेकंद गेले, आणि गाडीतून सुरेखा स्वच्छ आवाजात म्हणाली, "तेर आठवडी बाजार. शेवगा, साठ रुपये किलो."

"म्या तर काल बसलेच न्हाय बाजारात," आत्या म्हणाली. "भाव कुणी सांगितला?"

"मी."

"तू आलतास बाजारात?"

"न्हाय. तुळजापूरचं भाडं होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती सेटकडं बघत म्हणाली, "दोघांनी सांगितलं. आता तिला खरंच वाटंल."

मग थांबत थांबत, दम खात ती बोलली. "म्या मुद्दाम बसले न्हाय रं. परवापास्नं अंगात कसकस हाय. ह्या खेपंला काय बरं लक्षण दिसत न्हाय, म्हणलं लेकीला येकदा बघावं. बोलणार न्हवते. नुसतं बघणार. शेंगा तोडून, जुड्या बांधून पोत्याखाली ठिवल्यात, पर गेले न्हाय. म्या न्हाय बसले की ती येणार, हे तिनं तुला सांगितलंय."

"तुला कुणी सांगितलं?"

"फोनवर तिला 'आत्या बसलीया, येऊ नको' म्हणालास, ते ऐकलंय म्या. वर तू लपवाया लागलास की तुझे कान लाल हुतेत. दोन वर्सं बघतेय की."

मी फोन काढला. "चूक झाली, आत्या. आता सांगतो तिला." तिनं तापलेला हात माझ्या हातावर ठेवला. "मला सांगून केलास तर त्यो माझा निरोप झाला. म्या भंडारा उचललाय."

"मग तुला न सांगता करतो."

"आता सांगितलंस की." एवढ्या तापातही तिला हसू आलं. "पुढच्या बाजाराला खरं सांग. आठ दिस काय पळून चाललेत?" चपला घालताना सवयीनं म्हणाली, "आलो बाबा सुखरूप."

घरी जाऊन मी फोन करू शकत होतो. लोकांना मी सांगतो, की आत्याचा शब्द होता, भंडाऱ्याची शपथ होती. ते खोटं नाही. पण खरं कारण ते नाही. सुरेखाला 'मी बाजारात गेलोच नव्हतो' असं सांगायची मला लाज वाटली. आठ दिवसांनी शेवगा आला नाही असं सांगितलं, की आपोआप सगळं जागेवर येईल आणि माझी चूक कुणाला कळणारही नाही, हा माझा हिशेब. दवाखान्यात मी तिला रोज नेलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तिनं भाकरी कुस्करून खाल्ली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी सकाळी शेजारीण हाक मारायला गेली, तर आत्या उठली नाही. पुढचा बाजार दोन दिवसांवर होता.

मी सुरेखाला फोन केला. "आत्या गेली," म्हणालो.

पलीकडून ती म्हणाली, "असं कसं? शेवगा साठ होता ना?"

"मी बाजारात गेलो नव्हतो," मी म्हणालो.

फोन चालू होता. तिच्याकडचा पंखा ऐकू येत होता. मग तिनं "बरं" म्हटलं आणि ठेवला.

दुपारी ती आली. या वेळी उंबरा ओलांडून आत आली, आईजवळ बसली आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिली. शेजारणींनी गळा काढला, ती रडली नाही. मीही नाही. सगळं उरकल्यावर ती शेवग्याखाली गेली, पोतं उचललं. जुड्या तशाच होत्या, वाळून काड्या झालेल्या, पण गाठी पक्क्या. तिनं एक जुडी पिशवीत घातली. मला काही बोलली नाही, विचारलं नाही. एका अक्षरानं बोलली असती, तर मला कुठंतरी लागलं असतं.

निघताना तिनं कोनाड्यातला ट्रान्झिस्टर काढून माझ्या हातात दिला. "हा तू ठेव," म्हणाली. "बाजाराच्या दिवशी फोन करीन. जाऊन, बघून सांगायचं."

"आता शेवगा कोण आणणार, सुरेखा?"

"जे असेल ते सांग."

तेव्हापासून मी बाजाराच्या दिवशी भाडं घेत नाही. लिंबाखाली आत्याच्या जागी आता एक माणूस प्लास्टिकच्या बादल्या घेऊन बसतो. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो. जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलत नाही. दुपारी फोन येतो. "दादा, शेवगा काय भाव?" मी सांगतो, "शेवगा आला नाही." ती "बरं" म्हणते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी आत्याच्या अंगणात घालतो. घराला कुलूप आहे, शेवग्याला शेंगा लागून झाडावरच वाळतात. ट्रान्झिस्टर मांडीवर घेतो, गाडीतलाही लावतो. तूर होते, सोयाबीन होतं, हरभरा होतो. मग खरखरीतून येतं: "तेर आठवडी बाजार. शेवगा, आवक नाही."

हे एकदा ऐकून मला काही होत नाही. मग दुसऱ्यांदा ऐकल्यावर तरी काही वाटेल, म्हणून मी ते तीन-चार सेकंद हात मांडीवर ठेवून थांबतो.